ॲड हॉक नेटवर्कमध्ये दिशात्मक अँटेना लावल्यावर थ्रूपुट (प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या डेटाचा वेग) घटतो, तो का?

प्रश्न
लेखक: अनुनाद

नमस्कार,

मी इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असून ॲड हॉक नेटवर्कमध्ये दिशात्मक अँटेनाचा वापर हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ज्या नेटवर्कला टॉवर नसतो, मध्यवर्ती नियंत्रण नसते आणि प्रत्येक नोड (नेटवर्कमधले उपकरण) स्वतःच्या डेटाबरोबर दुसऱ्याचा डेटाही पुढे नेत असतो, तिथे सगळ्यांनी वाटून घ्यायचे असे एकच चॅनेल असते. सर्वदिशी अँटेनाचा नोड बोलू लागला की त्याची ऊर्जा चहूबाजूंना पसरते आणि आसपासच्या सगळ्यांना गप्प बसावे लागते. तीच ऊर्जा एका अरुंद झोतात फक्त हव्या त्या शेजाऱ्याकडे पाठवली, तर बाकीच्यांची संभाषणे त्याच वेळी चालू राहतील आणि पल्लाही वाढेल, या अपेक्षेने मी हा विषय निवडला.

माझी रचना साधी आहे. एनएस-२ या नेटवर्क-सिम्युलेटरमध्ये सहा नोड एका सरळ रेषेत, एकमेकांपासून २०० मीटर अंतरावर ठेवले आहेत. वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद आहे, मार्गनिवडीसाठी एओडीव्ही हा प्रोटोकॉल घेतला आहे आणि पहिल्या नोडकडून सहाव्या नोडकडे यूडीपीचा अखंड प्रवाह सोडला आहे. सर्वदिशी अँटेनासाठी एनएस-२ चे नेहमीचेच आकडे आहेत, म्हणजे पॅकेट समजण्याचा पल्ला २५० मीटर आणि चॅनेल व्यग्र असल्याची चाहूल लागण्याचा पल्ला ५५० मीटर. त्यानंतर प्रत्येक नोडला ४५ अंशांचे आठ झोत आणि १० डीबीआय लाभ (आदर्श सर्वदिशी अँटेनापेक्षा झोताच्या दिशेने दसपट तीव्रता) असलेला अँटेना दिला. नोड मोकळा असताना सर्व दिशांना ऐकतो. आरटीएस (बोलण्याची परवानगी मागणारे छोटे पॅकेट), सीटीएस (ती परवानगी देणारे पॅकेट), डेटा आणि पोच मात्र झोतानेच पाठवतो. प्रक्षेपणाची शक्ती मी बदललेली नाही.

यी, पेई आणि कल्याणरामन यांच्या २००३ सालच्या विश्लेषणानुसार, विखुरलेल्या नोडच्या नेटवर्कमध्ये पाठवणारा आणि ऐकणारा या दोघांनीही झोत वापरला तर क्षमतेतील वाढ ३६० अंशांना झोताच्या रुंदीने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी असू शकते. ४५ अंशांसाठी हा गुणक ६४ येतो. चौसष्टपटीची आशा मी अर्थातच धरली नव्हती, पण माझ्या रचनेत थ्रूपुट सर्वदिशी अँटेनापेक्षाही खाली जातो, आणि शिवाय एओडीव्ही पुन्हा पुन्हा मार्ग तुटल्याचे कळवतो, जरी एकही नोड जागचा हललेला नसतो. याचे कारण कोणी नीट उलगडून सांगेल का? आणि दुसरे असे, की प्रत्यक्षात असे नेटवर्क कोणी उभारून चालवले आहे का, की हा विषय केवळ सिम्युलेशनपुरताच राहिला आहे?


उत्तर १
लेखक: तरंगवेध

अनुनाद, तुम्ही रचनेचे आकडे दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. थ्रूपुट घटण्याचे कारण तुमच्या रचनेतच आहे, आणि ते एक नसून तीन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी त्या गुणकाविषयी. तो क्षमतेची वरची मर्यादा सांगतो आणि त्यासाठी काही गोष्टी गृहीत धरतो: नोड पृष्ठभागावर यदृच्छया पसरलेले आहेत, झोताबाहेर ऊर्जेचा कणही जात नाही, कोणी कधी कोणाशी बोलायचे हे जणू कोणीतरी आधीच अचूक ठरवून दिले आहे आणि समोरच्याची दिशा प्रत्येकाला ठाऊक आहे. तुमच्या रचनेत यांपैकी पहिली गोष्टच नाही. सगळे नोड एका रेषेत असल्यामुळे झोत कितीही अरुंद केला तरी पुढचे सगळे नोड त्याच झोतात उभे राहतात. दुसऱ्या नोडकडून येणारा डेटा ऐकण्यासाठी तिसरा नोड ज्या दिशेला कान लावतो, त्याच दिशेला पहिला नोडही असतो. परिणामी अँटेनाचा लाभ हव्या सिग्नललाही मिळतो आणि नको असलेल्या व्यत्ययालाही तेवढाच मिळतो. त्या दोघांमधले गुणोत्तर तसूभरही सुधारत नाही.

इतके असूनही निदान बरोबरी तरी राहायला हवी होती; ती का राहत नाही, हे तुमच्याच आकड्यांवरून दिसते. एनएस-२ च्या जमीन-परावर्तनाच्या प्रतिमानात, तुमच्या अंतरांवर, सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. म्हणून १० डेसिबल लाभामुळे पल्ला सुमारे १.७८ पट होतो. चाहूल लागण्याचा ५५० मीटरचा पल्ला, ऐकणारा सर्वदिशी असला तरी, झोताच्या दिशेने जवळजवळ ९८० मीटरपर्यंत पोहोचतो. तुमची साखळी एकूण १००० मीटरची आहे. सर्वदिशी अँटेना असताना पहिला नोड दुसऱ्याशी बोलत असला, तर ८०० मीटरवरच्या पाचव्या नोडला त्याची चाहूल लागत नव्हती आणि तो निर्धास्तपणे सहाव्याला डेटा देत होता. आता पाचव्याला ती चाहूल लागते आणि तो थांबतो. हे थांबणे पूर्णपणे निष्फळ आहे, कारण पाचव्याचा सिग्नल सहाव्यापाशी २०० मीटरवरून येतो आणि पहिल्याचा १००० मीटरवरून. दोघांत २८ डेसिबलचा फरक असल्याने सहाव्याला काहीच अडचण आली नसती. एका वेळी दोन संभाषणे चालण्याची जी थोडीफार सोय होती, ती शक्ती न घटवता लाभ वाढवल्यामुळे गेली.

इथे एक जुना आधारही लक्षात घ्यावा. सर्वदिशी अँटेनाच्या लांब साखळीत आदर्श थ्रूपुट चॅनेलच्या वेगाच्या एक चतुर्थांश असू शकतो, पण ८०२.११ या वाय-फाय मानकाचा नेहमीचा प्रोटोकॉल सिम्युलेशनमध्ये जेमतेम एक सप्तमांश गाठतो, हे एमआयटीतील संशोधकांनी २००१ सालीच दाखवले होते. साखळी ही मुळातच कठीण रचना आहे, आणि तिच्यावर झोत आणल्याने तिचा स्वभाव बदलत नाही. रॉय चौधरी, यांग, रामनाथन आणि वैद्य यांनी २००२ साली जो दिशात्मक मॅक (चॅनेल कोणी कधी वापरायचे हे ठरवणारा) प्रोटोकॉल मांडला, त्यातही हाच निष्कर्ष आहे: प्रवाह एकमेकांच्या रेषेत आले की फायदा विरून जातो आणि ते विखुरलेले असले की दिसू लागतो.

दुसरे कारण बहिरेपणाचे आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. दुसरा नोड आपला झोत तिसऱ्याकडे वळवून डेटा देत असतो, तेव्हा पहिल्याकडून आलेला आरटीएस त्याला ऐकूच येत नाही. शिवाय दुसऱ्याचा झोत पुढच्या दिशेला असल्यामुळे तो व्यग्र आहे हे मागे उभ्या असलेल्या पहिल्याला कळत नाही. पहिल्याला सीटीएस मिळत नाही आणि तो असे मानतो की आरटीएसची टक्कर झाली असावी. टक्कर झाल्यावर जे करायचे ते तो करतो, म्हणजे बॅकऑफची खिडकी (पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबण्याची कमाल मुदत, जी स्लॉट नावाच्या छोट्या कालखंडांत मोजतात) दुप्पट करतो. ८०२.११बी मध्ये ही खिडकी ३१ पासून वाढत वाढत १०२३ पर्यंत जाते. दरम्यान दुसऱ्या नोडचे एक पॅकेट यशस्वी झालेले असते. त्याची खिडकी पुन्हा ३१ वर येते आणि त्याच्याजवळ पुढचे पॅकेट तयार असले तर तो लगेच पुन्हा तिसऱ्याकडे वळतो. पहिला मात्र लांबलेल्या खिडकीत मोजत बसतो. असे सात वेळा झाले की मॅक स्तर ते पॅकेट टाकून देतो आणि मार्गनिवडीच्या स्तराला कळवतो की शेजारी नाहीसा झाला. एओडीव्ही मग मार्ग तुटल्याची घोषणा करून नवा मार्ग शोधण्यासाठी सगळ्या नेटवर्कभर विचारणा पसरवतो. नोड जागचे न हलताही तुमच्या नोंदींमध्ये मार्ग तुटताना दिसतात, ते यामुळे.

तिसरे कारण लपलेल्या नोडचे, म्हणजे संभाषणाची वार्ता न मिळाल्याने त्यात व्यत्यय आणणाऱ्या नोडचे. सर्वदिशी जगात आरटीएस आणि सीटीएस यांची देवघेव शेजाऱ्यांना सावध करण्यासाठी होती. झोताने पाठवलेला सीटीएस बाजूच्या शेजाऱ्यांना ऐकूच जात नाही. जो त्या क्षणी दुसरीकडे वळलेला होता त्यालाही नाही. शिवाय लाभाचा फरक आहेच. दूरचा एखादा नोड मोकळा असताना सर्वदिशी ऐकतो, म्हणून त्याला तो सीटीएस पुसटही ऐकू येत नाही. पण नंतर तोच नोड झोत लावून बोलतो आणि ऐकणाराही झोत लावून बसलेला असतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे लाभ एकत्र येऊन व्यत्यय नेमका पोहोचतो.

आता करायचे काय? आधी प्रक्षेपणाची शक्ती १० डेसिबलने कमी करा. तुम्हाला वाटेल की दोन्ही बाजूंचा मिळून लाभ २० डेसिबलचा आहे, तर शक्तीही २० ने का घटवू नये. पण आरटीएस येतो तेव्हा ऐकणारा नोड अजून सर्वदिशी असतो, आणि २० डेसिबलने घटवल्यास त्याच्यासाठी पल्ला सुमारे १४० मीटरच उरतो. तुमचे शेजारी २०० मीटरवर आहेत. म्हणून आरटीएससाठी १० डेसिबलची घट आणि दोघांनी एकमेकांकडे झोत लावल्यानंतर डेटासाठी २० ची, असे वेगवेगळे ठेवावे लागेल. त्यानंतर साखळी बाजूला ठेवून नोड पृष्ठभागावर पसरवा, एकमेकांना छेदणारे काही प्रवाह घ्या आणि तुलना पुन्हा करा.


उत्तर २
लेखक: बिनतारी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. अनुनाद यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे प्रत्यक्ष उभारणीविषयी, थोडे लिहितो, कारण या विषयातील सर्वांत मोलाचे काही काम भारतातच झाले आहे आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते पुरेसे माहीत नसते.

आयआयटी कानपूरने उत्तर प्रदेशातील गावांमध्ये ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ नावाचा प्रकल्प राबवला. बाजारात मिळणारी साधी ८०२.११बी कार्डे आणि जाळीच्या पॅराबोलिक डिश वापरून तिथे ३५ किलोमीटरहूनही लांब लिंक चालवण्यात आल्या. अशा डिशचा लाभ २४ डीबीआयच्या आसपास असतो आणि झोताची रुंदी साधारण ८ अंश. या अनुभवातून भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ साली ‘टू-पी’ हा मॅक प्रोटोकॉल मांडला. त्यामागचे निरीक्षण प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. एका टॉवरवर वेगवेगळ्या गावांकडे तोंड केलेल्या तीन-चार डिश असतात आणि सगळ्या एकाच चॅनेलवर असतात. कागदावर झोत वेगळे असल्यामुळे त्यांचा एकमेकींना त्रास होऊ नये. प्रत्यक्षात मात्र डिशच्या साइड लोबमधून (मुख्य झोताबाहेरच्या दुय्यम झोतांमधून) गळणारी ऊर्जा हातभर अंतरावरच्या दुसऱ्या डिशला इतकी जोरात जाणवते की एक लिंक प्रक्षेपण करत असताना शेजारची लिंक पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेला क्षीण सिग्नल ऐकूच शकत नाही. पण एका टॉवरवरच्या सगळ्या लिंकनी एकाच वेळी बोलायचे आणि एकाच वेळी ऐकायचे असे ठरवले, तर सगळे सुरळीत चालते. याची अट अशी, की टॉवरची विभागणी दोन गटांत करता आली पाहिजे आणि प्रत्येक लिंक एका गटातून दुसऱ्या गटात गेली पाहिजे. शिवाय प्रत्येक लिंकची शक्ती एकमेकींशी जुळवून घ्यावी लागते. चाहूल घेऊन बोलण्याची ८०२.११ ची पद्धत तिथे काढूनच टाकावी लागली, कारण त्या पद्धतीत एका डिशचा आवाज ऐकून बाकीच्या डिश उगाचच थांबल्या असत्या.

पुढे बर्कलीतील गटाने ‘वाइल्डनेट’ या नावाने २००७ साली याच दिशेने पाऊल टाकले. प्रत्येक पॅकेटची पोच वेगळी देण्याऐवजी अनेक पॅकेटची एकत्र पोच देणे आणि वेळेचे ठरीव तुकडे पाडणे, हे त्यातील मुख्य बदल. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या दृष्टी केंद्रांशी व्हिडिओद्वारे रुग्ण तपासणीसाठी अशा लिंक वापरल्या. तांत्रिक नेटवर्कचा माणसाच्या डोळ्यांशी इतका थेट संबंध आलेला पाहून मला या विषयाबद्दल अधिकच आस्था वाटते.

वेळेच्या तुकड्यांची गरज का पडते, हेही सांगतो. सिग्नल एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. ८०२.११बी चा स्लॉट २० मायक्रोसेकंदांचा आहे. तेवढ्या वेळात सिग्नल ६ किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन फक्त ३ किलोमीटर. त्यापलीकडच्या लिंकवर दुसरा बोलू लागल्याचे पहिल्याला वेळेवर कळत नाही, आणि पोचेची वाट पाहण्याची मुदत वाढवली नाही तर पोच येण्याआधीच पॅकेट पुन्हा पाठवले जाते.

या उदाहरणांत झोत एकदाच, माणसाने टॉवरवर चढून, लावलेला असतो. म्हणून कठोर अर्थाने हे ॲड हॉक नेटवर्क नव्हे. त्याची उलट बाजू एमआयटीच्या रूफनेटमध्ये दिसते. केंब्रिज शहरातील घरांच्या छपरांवर नागरिकांनी स्वतः उभारलेल्या त्या नेटवर्कमध्ये मुद्दाम सर्वदिशी अँटेना ठेवले होते, कारण कोणता शेजारी उपयोगी पडेल हे आधी ठाऊक नसते आणि डिश फिरवायला कोणाला बोलावणार? जिथे नियोजन नाही तिथे झोत ओझे ठरू शकतो. माझे स्वच्छ मत असे आहे की नोड स्थिर असतील तर स्थिर डिश आणि वेळेचे तुकडे हा मार्ग आजही सर्वांत भरवशाचा आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झोत बदलणारा अँटेना तेव्हाच घ्यावा, जेव्हा नोड खरोखर हलतात किंवा शेजारी वरचेवर बदलतात. अशा हलत्या नेटवर्कचा प्रयत्न अमेरिकेत डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेच्या पाठबळाने बीबीएन कंपनीने केला. ‘उडान’ या नावाच्या त्या व्यवस्थेत शेजारी शोधणे, मॅक, मार्गनिवड आणि शक्तीचे नियंत्रण हे सगळे एकत्र रचले होते, आणि मैदानी चाचण्यांसह तिचे वर्णन २००५ साली प्रसिद्ध झाले. केवळ अँटेना बदलून बाकीचे थर तसेच ठेवले तर काय होते, हे तुम्ही पाहिलेच आहे. या गटाने सगळे थर एकत्र का घेतले, ते त्यावरून लक्षात येईल.

महाराष्ट्रात काही उभारायचा विचार असेल तर आणखी दोन गोष्टी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २००५ पासून परवान्याशिवाय काम करता येते, पण अँटेनाच्या लाभासह मोजलेली शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम, यापुढे नेता येत नाही. २४ डीबीआयची डिश लावली तर रेडिओची स्वतःची शक्ती १२ डीबीएम, म्हणजे सुमारे १६ मिलिवॅट, इतकीच ठेवावी लागते. पाठवण्याच्या बाजूचा लाभ कायदा असा काढून घेतो. ऐकण्याच्या बाजूच्या लाभावर मात्र बंधन नाही, आणि व्यत्यय कमी करण्याचा फायदाही कायम राहतो. दुसरी गोष्ट झाडांची. २.४ गिगाहर्ट्झला पावसाच्या धारांमुळे फारसा फरक पडत नाही, पण ओल्या आणि दाट पानांमुळे पडतो. १० किलोमीटरच्या लिंकच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांना जोडणाऱ्या रेषेभोवतीच्या, सिग्नल ज्यातून जातो त्या भागाची) त्रिज्या १७ मीटरहून अधिक असते, आणि त्यातील निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. उन्हाळ्यात, पानगळीच्या दिवसांत जोडलेली लिंक श्रावणात तशीच राहील असे धरून चालू नये. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने गावांना जोडण्यासाठी टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातील कमी वारंवारता वापरून पाहिल्या, त्यामागेही डोंगर आणि झाडी यांचा असाच विचार आहे.


प्रतिसाद
लेखक: अनुनाद

दोघांचेही मनापासून आभार. तरंगवेध यांनी सांगितल्याप्रमाणे आरटीएसची शक्ती १० डेसिबलने कमी केली आणि नोड चौरस जाळीत पसरवून छेदणारे प्रवाह घेतले, तेव्हा दिशात्मक अँटेना सर्वदिशीपेक्षा स्पष्टपणे पुढे गेला. साखळीत मात्र मार्ग तुटणे थांबलेले नाही, आणि बहिरेपणाचा परिणाम किती खोल असतो ते आता नोंदींमध्ये पावलोपावली दिसते.

पुढच्या टप्प्यात मला नोड हलते ठेवायचे आहेत, साधारण वाहनाच्या वेगाने. इथे माझी अडचण अशी आहे, की समोरचा कोणत्या झोतात आहे हे नोडला कळणार कसे? प्रत्येक नोडवर जीपीएस आहे असे मानून मी दिशा काढत आलो आहे, पण ते कितपत वास्तवाला धरून आहे याची मला शंका वाटते. तसेच आरटीएस सगळ्या झोतांमधून एकापाठोपाठ एक पाठवण्याची कल्पना वाचली. तिच्यामुळे बहिरेपणा आणि दिशा हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतील का?


उत्तर ३
लेखक: क्षितिजरेषा

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर हिशेबाने देता येते. कोराकिस, जकलारी आणि तासिउलास यांनी २००३ साली मांडलेल्या पद्धतीत आरटीएस आठही झोतांमधून गोलाकार फिरवला जातो, जेणेकरून आसपासच्या सगळ्यांना संभाषणाची वार्ता मिळेल. ८०२.११बी मध्ये आरटीएस २० बाइटचा असतो. १ मेगाबिटच्या वेगाने त्याला १६० मायक्रोसेकंद लागतात आणि त्याच्या पुढे लांब प्रीॲम्बलचे (पॅकेटच्या आधी जाणाऱ्या ओळख-संकेताचे) १९२. असे ३५२ मायक्रोसेकंद आठ वेळा म्हणजे सुमारे २.८ मिलिसेकंद. ११ मेगाबिटच्या वेगाने १५०० बाइटचे पॅकेट प्रीॲम्बल धरूनही १.३ मिलिसेकंदांत संपते. म्हणजे संभाषणाची वार्ता द्यायला संभाषणाच्या दुप्पट वेळ जातो. तुमच्या २ मेगाबिटच्या रचनेत हा दोष झाकला जाईल, कारण तिथे तेच पॅकेट सहा मिलिसेकंदांहून अधिक वेळ घेते. म्हणून या पद्धतीचे मोजमाप करताना वेग बदलून पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. अनेक पॅकेट सलग पाठवायची असतील आणि गोलाकार आरटीएस त्या सगळ्यांसाठी एकदाच फिरवला जात असेल, तर ती पद्धत मला मान्य आहे.

बहिरेपणावर याहून सरळ उपाय रॉय चौधरी आणि वैद्य यांनी २००४ साली ‘टोनडीमॅक’ मध्ये दिला. संभाषण संपल्यावर दोन्ही नोड डेटाच्या चॅनेलपासून वेगळ्या अरुंद पट्ट्यात एक छोटा स्वर सर्व दिशांना सोडतात. कोणाचा स्वर हे त्याच्या वारंवारतेवरून आणि कालावधीवरून ओळखले जाते. ज्याला वाटत होते की आपल्या आरटीएसची टक्कर झाली, त्याला त्यावरून कळते की समोरचा फक्त दुसरीकडे वळलेला होता. तो आपली फुगलेली खिडकी पुन्हा लहान करतो आणि पुढच्या फेरीत बरोबरीने उतरतो. या उपायात स्वरासाठी वेगळे हार्डवेअर लागते, हे खरे. पण तुम्ही निदान इतके तरी करू शकता, की सीटीएस न आल्यामुळे सोडलेले पॅकेट आणि खरोखर नाहीसा झालेला शेजारी या दोन गोष्टी एओडीव्हीला वेगवेगळ्या कळवायच्या. काही क्षणांपूर्वी त्याच शेजाऱ्याचे कोणतेही पॅकेट ऐकू आले असेल, तर मार्ग तुटला असे जाहीर करू नये. साखळीतील तुमची बरीचशी खोटी मार्गदुरुस्ती एवढ्याने थांबेल.

आता दिशेविषयी. जीपीएस शेजाऱ्याचे स्थान सांगतो. सिग्नल कोणत्या दिशेने सर्वांत चांगला येईल हे सांगत नाही. मोकळ्या माळावर दोन्ही एकच असतात. इमारतींच्या मध्ये मात्र सरळ दिशा बंद असते आणि समोरच्या भिंतीवरून परावर्तित झालेला मार्गच उपयोगी ठरतो. म्हणून अधिक खात्रीची पद्धत म्हणजे ऐकून शिकणे. शेजाऱ्याचे कोणतेही पॅकेट आले, ते आपल्यासाठी नसले तरीही, ते कोणत्या झोतात सर्वांत जोरात आले याची नोंद ठेवायची आणि बोलताना तोच झोत वापरायचा. ताकाई आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेल्या पद्धतीत दिशांची अशीच नोंदवही आहे, आणि चॅनेल व्यग्र असल्याची नोंदही त्यांनी दिशेनुसार वेगळी केली आहे. नोंद नसेल किंवा जुनी झाली असेल, तेव्हाच सर्वदिशी हाक मारायची. मात्र अशा हाकेच्या पल्ल्यात न येणारे, पण दोन्ही बाजूंनी झोत लावल्यास पोहोचण्याजोगे शेजारी या पद्धतीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी मधल्या नोडमार्फत आरटीएस पोहोचवण्याची युक्ती २००२ च्याच त्या कामात आहे, जिचा उल्लेख तरंगवेध यांनी केला.

६० गिगाहर्ट्झमध्ये हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण तिथे सर्वदिशी पल्ला नगण्य असतो आणि हवेतील ऑक्सिजनच दर किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल शोषून घेतो. म्हणून २०१२ च्या ८०२.११एडी मानकात झोत एकेक करून फिरवणे आणि समोरच्याने कोणता झोत उत्तम होता ते कळवणे, हा प्रोटोकॉलचाच भाग केला आहे. हलत्या नोडवर काम करायचे असेल तर ते मानक लक्षपूर्वक वाचा. वीस वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधांतील अनेक कल्पना तिथे व्यवहारात उतरलेल्या दिसतात.

नोंद जुनी कधी मानायची, हा तुमच्या प्रबंधात स्वतंत्र भर घालण्याजोगा मुद्दा आहे. बहुतेक सिम्युलेशनमध्ये सर्व शेजाऱ्यांना एकच मुदत दिलेली असते. पण ४५ अंशांचा झोत २०० मीटरवर साधारण १५० मीटर रुंद असतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने आडवे जाणारे वाहन तो ओलांडायला नऊ सेकंद घेते. तेच वाहन २० मीटरवरून गेले तर एका सेकंदाच्या आत झोताबाहेर जाते. जवळच्या शेजाऱ्याची नोंद लवकर शिळी होते, दूरच्याची उशिरा. पण जवळच्याचा सिग्नल इतका सबळ असतो की त्याच्यासाठी झोताची गरजच नसते. त्याच्याशी कमी शक्तीने, सर्वदिशी बोलले तरी चालते, आणि तसे केल्याने बहिरेपणाही उद्भवत नाही. तेव्हा येणाऱ्या सिग्नलच्या तीव्रतेवरून नोंदीची मुदत ठरवावी आणि एका ठरावीक तीव्रतेच्या वर झोत बंदच ठेवावा, असे करून पाहा. अँटेनाचे प्रतिमान निवडताना साइड लोब शून्य ठेवू नका. एनएस-३ कडे वळणार असाल तर तिथल्या पॅराबोलिक प्रतिमानात झोताबाहेरची घट मुळात २० डेसिबलपर्यंतच मर्यादित आहे. कोसाइन प्रतिमानात साइड लोब नाहीत. दोन्हींवर तीच रचना चालवा, म्हणजे तुमच्या फायद्यापैकी किती भाग केवळ आदर्श झोतामुळे आला हे वेगळे दाखवता येईल.